वझ्याबिगर पुणं

१३ एप्रिल १९७८, गुरवार
आज पुण्याला जाऊन आले. पत्रावळ्यांची दोन वझी, एक टपावर, एक मांडीवर. कंडक्टर म्हणाला, आजी, पानांचं तिकीट काढा. म्हनलं, लेकरू समज, मांडीवर हाय. गाडीतली माणसं हसली, म्हणून सुटले.
डेक्कनला उतरून लग्नाच्या कार्यालयापत्तूर पायी. शहरातली बस असती, पण तिच्यात कोंबलं की काय दिसत न्हाई. लकडी पुलावर मीठ लावून काकडी खाल्ली, उभ्यानं, कठड्याला टेकून. हितं गावात बाईनं रस्त्यात उभं राहून खाल्लं तर लोकांना आठवडाभर पुरतं. तितं कुणी मान वळवून बघत न्हाई. ह्याचंच सुख लई.
कोठीवाल्या काकांनी पत्रावळी उजेडाला धरून बघितली. भोक सापडलं न्हाई. तोंड वाकडं करून घेतल्या. म्हणाले, आता समदीकडं स्टीलची ताटं येतायत, आजी. मी म्हनलं, ती घासायला माणूस आणा आधी.
मागल्या पायरीवर चा घेत बसले. रस्त्यावर बँड वाजत होता. परतीची गाडी सोडली, पुढली धरली.

१६ एप्रिल
पळसाची पानं आणली. गुडघा बोलतोय. दत्तू म्हणाला, आई, किती दिवस हे. पोटच्या पोरानं काळजीनं विचारलं का कंटाळून, कळत न्हाई. सून गप. ती गप असती तवा दत्तू तिचंच बोलतो.
दिवसभर पानांत बांबूच्या काडीचे हीर टोचून बोटं फुटली. कुणाला सांगायचं न्हाई, पण पत्रावळ टाचताना मी हितं नसते. पुण्यात असते. बाकी हितं हाय काय. चूल, शेण, आन् मी कवा मरते ह्याची वाट बघणारी खाट.

२७ एप्रिल, गुरवार
पुणं. उशिरा पोचले, गाडी चांदणी चौकाच्या चढाला तापली. पण वरात बी उशिरा.
बँडात एक वाळका मनुष्य हाय, काळी पिपाणी वाजवतो. लाल कोट दुसऱ्या कुणाच्या मापाचा, बाह्या दुमडलेल्या. मला मावशी म्हणतो. त्याचं नाव मी विचारलं न्हाई, त्यानं माझं न्हाई. भागतं. नवरदेव तयार होईस्तवर तो मागल्या दाराशी येऊन बसतो, चा संगट.
मागल्या खेपेला मी त्याला म्हनलं हुतं, तुझी पिपाणी लई रडकी हाय. तो म्हणाला, मावशी, लग्नात कुणीतरी रडायला पायजे, त्याचेच पैशे हायेत.
आज म्हणाला, तुमच्याकडली चाल सांगा एखादी. मी म्हनलं, मी काय गाणारीण हाय का. मग आईची जात्यावरची चाल गुणगुणले. शब्द सांगितले न्हाईत, ते आईचे. आई मेल्यापासनं ती चाल दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकली न्हाई. माझ्या तोंडात तर आता नुसता घोगरा आवाज. त्यानं डोळे मिटून ऐकली, दोन ठिकाणी अडला, परत म्हणायला लावली. म्हणाला, अकरा तारखेच्या लग्नाला या, बसवून ठेवतो. रस्त्यावर वाजवतो, समदी पेठ ऐकंल.
म्हनलं, पेठेला काय करायचंय. मला ऐकव.
पाऊस लागला की तो गावाकडं जाणार. पुढल्या साली मालक घेईल का न्हाई, ठावं न्हाई म्हणाला. छाती भरत न्हाई आता.

३ मे
अकरा तारखेच्या लग्नाची पानं झाली. मोठं लग्न हाय. पडवीत दगडाखाली दाबून ठेवल्यात. एवढ्या सारख्या पत्रावळ्या मी जन्मात टाचल्या नसतील.

५ मे, शुक्रवार
मुंबईची तार. सखाराम भावजी गेले, माझे चुलत दीर. जित्यापणी एक पोस्टकार्ड न्हाई. माझा नवरा मेला तवा आले न्हाईत. आन् मेल्यावर तार.
दहा दिवस सुतक. म्हंजे अकरा तारीख सुतकात.
दत्तू डोक्याला हात लावून बसला, मी चुलीपुढं. तो भावजींसाठी बसला हुता. मी कशासाठी ते लिहीत न्हाई.

६ मे
जोशीबुवांकडं गेले, अंगणातनंच विचारलं. पानं तारेच्या आधी टाचलेली, मग त्यांना सुतक कसं? बुवांनी पंचांग उघडलं. मग म्हणाले, आधीची हायेत ना, मग पानं चोख. पण आता तुमच्यापैकी कुणी हात लावायचा न्हाई.
हात न लावता ती पुण्याला कशी जातील? परू नेईल. शेजारीण, पण भावकी वेगळी, तिला सुतक न्हाई. कधी पुण्याला एकटी गेली न्हाई. नको नको म्हणत हुती. म्हनलं, मी सांगते तसं चाल, माणसं काय खात न्हाईत.
मी न्हाई गेले तर पिपाणीवाला कुणाला ऐकवणार? पानं येळेवर गेली की पुढल्या लग्नाची बी माझीच. आठ दिवस उशिरा ऐकीन. एवढंच धरून ठेवलंय.

१० मे
परूनं पडवीतनं पानं काढली. मी अंगणात उभी राहून काठीनं दाखवत हुते, हे आधी, ते वर, ओलं गोणपाट खाली. माझ्या हाताची पानं आन् मीच लांब उभी. सून दारात तोंडाला पदर लावून हसली. हसू दे.

११ मे, गुरवार
परू दिवस कलायच्या आधी आली. डोक्यावर वझं तसंच.
पाणी दिलं तर घेईना, आमच्या घरचं न्हाई चालत. मग तिच्याच ओट्यावर बसून सांगितलं.
कोठीवाल्यानं पानं बघितली, बरी म्हणाला. मग इचारलं, आजी का न्हाई आल्या? परू म्हणाली, "त्यांना सुतक हाय. म्हणून तर मी आणली. त्यांनी बोट बी लावलं न्हाई, लांब उभं राहून काठीनं दाखवलं."
मोठ्या मानानं सांगितलं तिनं. किती पाळलं ते कळावं म्हणून.
त्यानं निस्तं सुतक ऐकलं. म्हणाला, "सुतकाच्या घरची पानं लग्नाच्या पंगतीला? नवरीकडचे मला उठवतील." बुवांचं परूनं सांगून बघितलं. त्यानं ऐकलं न्हाई. स्टीलची ताटं भाड्यानं आणली. म्हणाला, आजींना सांगा, आता ह्या पुढं पानं नकोत.
परू रडायला लागली. मी म्हनलं, रडू नगस, तुला शिकवलं मीच. बोट लावलं असतं, आन् परूला निस्तं पाठवलं असतं, गुडघा दुखतोय म्हण असं सांगून, तर आज पंगत माझ्या पानावर उठली असती.

१२ मे
काय न्हाई.

१४ मे
दत्तू म्हणतो, बरंच झालं की, गुडघ्याला इसावा. मनापास्नं म्हणाला. म्हणून जास्त लागलं. भांडला असता तर मला काय तरी बोलता आलं असतं.

१७ मे, बुधवार
भावजींचं तेरावं गावात केलं. त्यांचा धाकटा भाऊ म्हणाला, वयनी, पत्रावळ्या हायेत ना तुमच्याकडं. दिल्या.
ज्याच्यापायी परत आल्या, त्याच्याच नावानं पंगत जेवली. आमटी एका बी पानातनं गळली न्हाई. सगळे वरणभात चांगला म्हणाले. पानांचं कुणी काढलं न्हाई.

२४ मे
पळसाची पानं आता जून व्हायला लागली. दर साली आत्तापत्तूर निम्मी झाडं मी ओरबाडलेली असायची. उभी राहून बघून आले.
रात न्हाई, दिवस न्हाई, नुसतं बसलंय. सुनेनं तांदूळ निवडायला दिले, निवडले. एवढी गुणाची मी कधी नव्हते.

१ जून, गुरवार
परू आज सहज बोलली. एवढे दिवस इसरली हुती म्हणं. रडण्याच्या नादात.
त्या दिशी वझं घेऊन ती कार्यालयाच्या मागं उभी हुती, तवा एक लाल कोटवाला आला. इचारलं, पत्रावळीवाली मावशी कुटंय? परूनं सांगितलं न्हाई येणार. तो जरा उभा राहिला. मग तितंच, मागल्या दाराशी, पिपाणी काढली आन् वाजवली. सबंध. म्हणाला, मावशीला सांगा, बसली चाल.
मी म्हनलं, परू, कशी हुती गं?
"मला काय कळतंय त्यातलं. रडकं हुतं."
म्हनलं, गुणगुण की जरा. तिनं तोंड उघडलं, परत मिटलं. आठवंना. मग म्हणाली, मदीच असं वर जायाचं. हातानं दाखवलं.
व्हय. मदीच वर जाती.
परूला न्हाई रागावले. घरी येऊन जात्याला हात लावून बघितला. दळण आता चक्कीवर जातं. जात्यात कोळी.

५ जून
दत्तूला म्हनलं, पुण्याला जाऊन येते. म्हणाला, कशाला?
मला सांगता येईना. आजपत्तूर कुणी इचारलं नव्हतं कशाला. वझं दिसायचं. डोक्यावर वझं असलं की बाई कुटं बी जाती, कुणी अडवत न्हाई. काकडी खाती, चा पिती, बँड ऐकत बसती, ते कुणाला दिसत न्हाई, वझंच दिसतं. आता निस्तं ऐकायला जाते म्हनलं तर म्हातारी बिघडली म्हणतील. मलाच तसं वाटतंय.
पिपाणीवाला गेला असंल गावाकडं. का अजून दोन-चार लग्नं राहिली असतील.

८ जून, गुरवार
धुतलेलं लुगडं नेसून फाट्यावर गेले. सुनेला म्हनलं, परूकडं चालले.
गाडी आली. तोच कंडक्टर. टपाकडं बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं. म्हणाला, "आजी, वझं कुटंय?"
म्हनलं, न्हाई.
हात कुटं ठेवायचे ते कळंना. पदराचं टोक धरलं, सोडलं. गाडीतली माणसं बघत हुती. लेकरू म्हणून मांडीवर घ्यायला काय नव्हतं.
त्यानं दोरी धरली हुती, घंटी मारली न्हाई. म्हणाला, "मग जायचंय का न्हाई?"
मी दांडीला हात लावला. लोखंड तापलं हुतं.
दांडी सुटली का मी सोडली, काय की. गाडी गेली. जाताना तो दारातनं ओरडला, पुढल्या गुरवारी बी हीच गाडी हाय, आजी.
घरी आले. सून म्हणाली, परू तर हितंच आलती, तुमाला बघायला.
लुगडं घडी करून ठेवलंय, पेटीत न्हाई, वलणीवर.