पाहुण्याच्या छातीवर हात

९ जानेवारी
आज तीन घोडे आले. ठेवायचा एकच. दोन महिने शिकवायचं, साहेब परीक्षा घेणार. पास झाला तर पोलिसांच्या पागेत कायम, नाहीतर व्यापाऱ्याकडे परत – आणि तिथून कुठे, ते कोणी विचारत नाही.

काळा देखणा, पण सारखा डोळे पांढरे करतो. घोडी गुणाची, पण मागचा डावा पाय राखून टाकते. तिसरा तांबडा. पोट सुटलेलं, एक कान इकडे, एक तिकडे. समोर छत्री उघडली तर चार पावलं उधळला. मग वळला आणि छत्री हुंगायला आला.

मला एवढंच हवं असतं. न घाबरणारा घोडा नकोच. घाबरून परत येणारा हवा.

नालबंद काका म्हणाले, "अठरा वर्षांत एकदा तरी चांगल्या तोंडाचा घोडा निवडा की, बाई." मी नाव काय ठेवायचं विचारलं, तर म्हणाले – "टिकला तर ठेवू. तोवर पाहुणा."

१६ जानेवारी
पाहुणा अंगाने घोडा, छातीने ससा. पत्रा वाजला की थरथरतो. मग मी समोर उभी राहते, तळवा त्याच्या छातीवर ठेवते, "हो रे, हो" म्हणते. ठोके हाताला लागतात. ते संथ होईपर्यंत हात काढत नाही.

घरी आले तर आई म्हणाली, "जेवायला बसायच्या आधी त्या पाहुण्याला अंगावरून उतरवून ये." इतका वास येतो म्हणे.

२३ जानेवारी
ताडपत्रीवरून चालला! प्रत्येक पाऊल आधी हुंगून.

२ फेब्रुवारी
ढोल झाला, धूर झाला, फुगे झाले. कितीही बिचकला तरी छातीवर हात ठेवला की खुंटीला बांधल्यासारखा उभा. आज तर मी नुसता हात पुढे केला, तर स्वतःच छाती टेकवून थांबला. दिवसभर मनातल्या मनात हसत होते.

११ फेब्रुवारी
कसली हसत होते!

आज गर्दीचा पहिला सराव. पागेतली सगळी माणसं म्हणजे गर्दी. आचारी घोषणा द्यायला – "गरम चहा मिळालाच पाहिजे!" पाठीवर सार्जंट. पोलिसांच्या घोड्याचं काम साधं असतं: छाती पुढे करून, पाऊल-पाऊल चालत माणसं बाजूला सारायची. घाई नाही, थांबणं नाही. पाहुणा छान निघाला. पुढे नालबंद काका होते. अंगावर घोडा आला तसा त्यांनी हात पुढे केला. कोणीही करेल.

पाहुणा थांबला. सार्जंटने टाच दिली, परत दिली. ढिम्म. वर मान खाली घालून डोळे मिटले.

सगळे हसले. काका माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे."

खरं आहे. मी त्याला धीर देत होते, तो थांबायला शिकत होता. गर्दीतलं प्रत्येक माणूस आधी हातच पुढे करणार. आणि परीक्षा ११ मार्चला.

१२ फेब्रुवारी
आईला सांगितलं. शेंगा सोलता सोलता म्हणाली, "जिने सवय लावली तिनेच मोडायची. तू अंगठा चोखायचीस तेव्हा मी कडू औषध लावलं होतं. आठ दिवस माझ्याकडे बघत नव्हतीस."
"मग?"
"मग काय. भूक लागली, बघायला लागलीस."

१४ फेब्रुवारी
ठरलं. मीच समोर उभं राहायचं. छातीवर हात ठेवायचा, बोलायचं काही नाही. सार्जंट टाच देणार, घोडा निघाला की मी मागे सरकायचं. हाताला काही अर्थ नाही, हे त्याला कळेपर्यंत. ठाणावर, तो बांधलेला असताना, तर हात लावायचाच नाही. खरारासुद्धा आजपासून काका करणार.

१८ फेब्रुवारी
हात ठेवला की दोन्ही कान माझ्याकडे. आयुष्यात पहिल्यांदाच एका दिशेला. सार्जंट वरून म्हणाला, "तुमची परवानगी मागतोय हो." मी त्याच्या बुटांकडे बघत राहिले.

२६ फेब्रुवारी
काकांच्या हाताला थांबत नाही. आचाऱ्याच्या नाही. माझ्या थांबतो.

मनातून किती बरं वाटलं, ते इथेच लिहिते. बाहेर बोलायची सोय नाही.

३ मार्च
आज निघाला! अर्धंच पाऊल, पण माझ्या हातावर भार देऊन. मग थांबला. मी शाबास म्हणणार, तेवढ्यात सार्जंट – "बाई, पाय हलवा ना. तो निघाला होता. तुम्ही थांबवलंत त्याला."

मी? चहा घेताना काकांना विचारलं. ते नाल घासत राहिले, वर बघितलंच नाही. म्हणजे मीच.

७ मार्च
चौदा वेळा हात ठेवला, चौदा वेळा निघाला. दर वेळी वेळेवर मागे सरकले. सार्जंट खूश. आचाऱ्याने सगळ्यांना चहा दिला, गरम.

१० मार्च
ठाणावर गेले. हात कोटाच्या खिशात घालून उभी राहिले. पाहुणा वैरण सोडून आला, खिसा हुंगला, नाकाने ढकलला. हात काढला नाही. तो परत वैरणीकडे गेला.

काका म्हणाले, "उद्या पास झाला की नाव ठेवायचं बरं का. विचार करून या."

११ मार्च
डाव्या हाताने लिहितेय, म्हणून थोडंच.

पाहुणा पास. साहेबांनी गर्दीत मलाच पुढे उभं केलं – "ओळखीच्या माणसासमोर बघू." छातीवर हात ठेवला. ठोके अगदी संथ होते. तो निघाला, मी पडले, मनगट मोडलं. मला ओलांडून गेला, पण एक खूर लागू दिला नाही.

आई विचारते, तुला मागे सरकता येत नव्हतं का. येत होतं. महिनाभर तेच तर केलं. आज पाय उचललाच नाही. वाटलं, थांबेल.