दादाचे बूट घालू नको

वैष्णवी,

पलंगाखाली तुही भरलेली सॅक पाह्यली. संघदीपदादाचे बूट बाजूले काढून ठेवले तू. ते घालू नको. त्यायचे सोल पार घासले हायेत, त्याच बुटानं तो कड्यावरून घसरला. तुले तर ते ढिलेबी होतात.

काल बाबा मले म्हणे, "एक पोरगा गेला, आता हिले त्याच डोंगरावर कायले जाऊ देतं?" पण तू थांबत नाही, हे मले माहीत हाये.

मी पांढरकवड्याले तुह्यासाठी नवे बूट आणाले जाऊन राह्यली. बाबाले सांगू नको. भाकर झाकून ठेवली, खाऊन घे. मी येईपर्यंत निघू नको. मापासाठी तुही चप्पल नेली हाये, शोधत बसू नको.

आई