पडद्याकडे पाठ करून लावलेली गाडी

बाबा, आपण गाडीत बसून सिनेमे बघायचो त्या ड्राइव्ह-इन थिएटरच्या जागी आता डेटा सेंटर झालंय. बिनखिडक्यांची लांबलचक करडी इमारत, आत दिवसरात्र पंखे घोंघावतात. काल आईला डॉक्टरांकडे नेताना तिथून गेले. "इथंच होता ना गं तो पडदा?" तिने विचारलं. मी मान हलवली. "बंद झालं तेव्हा तुझे बाबा किती हळहळले होते," ती म्हणाली. पुढचा सगळा रस्ता मला तिच्याकडे बघवेना.

त्या मैदानाचा इतिहास तुम्हीच सांगायचात. आधी तिथे गायी चरायच्या, मग मालकाने पडदा उभारला, खांबाखांबावर स्पीकर टांगले. आपण जायला लागलो तोवर स्पीकर गंजले होते आणि आवाज गाडीच्या रेडिओवर यायचा. तुम्ही गाडी उलटी लावायचात, मागचं दार वर करून सतरंजी अंथरायचात. उजेड असेपर्यंत आई धपाटे वाढायची, अंधारलं की तुमचं काम सुरू. आईला तेव्हा इंग्रजी कळत नव्हतं, आणि दुसऱ्या थिएटरात बोललं की लोक वळून बघायचे. इथे गाडी आपली, तोंड आपलं. तुम्ही अख्खा सिनेमा तिला मराठीत सांगायचात, तोही आवाज बदलून. नायिका चिरक्या आवाजात बोलायची आणि काउबॉय शेरीफला "अहो पाटील" अशी हाक मारायचा. आई ठसका लागेपर्यंत हसायची. या परक्या देशात ती एरवी तशी हसत नसे, हे मला फार उशिरा कळलं.

मी चौदा वर्षांची होते. एका शनिवारी शेजारच्या गाडीत माझ्या वर्गातल्या मुली निघाल्या. सोमवारी त्यांनी सगळ्यांसमोर तुमच्या नायिकेची नक्कल केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या शनिवारी तुम्ही सतरंजी झटकत होतात, तेव्हा मी म्हटलं, "बाबा, ते क्लोज झालंय. स्कूलमध्ये सगळे सांगत होते." तुम्ही फोन करून खात्रीसुद्धा केली नाहीत. मुलीने सांगितलं, झालं! "अरेरे," एवढंच म्हणालात, सतरंजीची घडी घातलीत आणि आत जाऊन आईला सांगितलंत, "अगं, राहू देत धपाटे." तुमचं ऑफिस हर्नडनला, पार दुसऱ्या दिशेला, त्यामुळे तिकडे फिरकायचं कारणच उरलं नाही. थिएटर पुढे दोन उन्हाळे चाललं. मग घरोघरी व्हिडिओ आले, जमिनीला भाव आला आणि ते खरंच बंद पडलं, तेव्हा मला हायसं वाटलं. घरी टीव्हीपुढे तुम्ही ते आवाज कधीच काढले नाहीत. आईही मुकाट बघायची.

तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली. मघाशी आईने विचारलं, "कुणाला लिहितेस गं?" "ऑफिसचं आहे," म्हटलं. म्हणजे अजून तेच चाललंय. हा कागद तिला दाखवायचं धाडस माझ्यात नाही, आणि तुमच्यापर्यंत तो पोचणार नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. त्याच महिन्यात, मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते सांगून, मी त्या मुलींच्या गाडीतून तिथे गेले होते. त्या पॉपकॉर्न खात गप्प बघत होत्या. पडद्यावर नायिका रडायला लागली आणि मला तुमचाच चिरका आवाज ऐकू आला. मी आईसारखी ठसका लागेपर्यंत हसले. गाडीत दुसरं कुणीच हसलं नाही.