पहिलं बरं की दुसरं?

दि. ९ जानेवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. कामाच्या स्टुलावर बसूनच घातला आहे, गोड मानून घे.

आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी खडू खाली ठेवला आणि सांगितलं, की जगाच्या तळाशी दगड नाही, माती नाही, अणूसुद्धा नाही. तळाशी आहे फक्त माहिती. ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा उत्तरांचा ढीग. त्या ढिगालाच आपण टेबल, खुर्ची, आत्या असं म्हणतो. त्या क्षणी माझं सगळं बदललं. मी ताडकन उभा राहिलो आणि विचारलं, की सगळं विश्व हो किंवा नाहीवर उभं आहे, तर आमच्या पेपरात अर्धा मार्क येतो कुठून? वर्ग हसला. सर म्हणाले, बाहेर जा. ते वर्गाबाहेर म्हणत होते हे मला नंतर कळलं. पण जायचंच तर पुरतं जावं म्हणून मी कॉलेजच्याच बाहेर पडलो. बाबा त्यावर काय म्हणाले ते कळवू नकोस.

सध्या मामाच्या किल्ल्यांच्या दुकानात असतो. इथे सरांचं म्हणणं रोज सिद्ध होतं. पितळेची किल्ली लागते, लोखंडाचीही लागते. म्हणजे दार धातू उघडत नाही, खाचा उघडतात. आणि खाच म्हणजे माहिती! हे मामाला समजावलं, तर तो म्हणाला की मग कानस ठेव खाली आणि कुलपाला तोंडी सांगून बघ. मामाला दूरदृष्टी नाही. माझीही जरा कमी झाली आहे, म्हणून समोरच्या दुकानातून चष्मा केला. त्यात विशेष काही नाही.

लोभ आहे तेवढा पुरे, पण कमी करू नये.

तुझा
धाकटा


दि. १६ जानेवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद; त्यातले निम्मे पाठीत.

तुझं पत्र वाचून तुझ्या भावोजींच्या नाकातून चहा आला. आत्या म्हणजे उत्तरांचा ढीग हे त्यांना पटलं. फक्त त्या ढिगात एकही ‘हो’ नाही, असं त्यांचं निरीक्षण आहे. बाबा कॉलेजचा विषय निघाला की रेडिओ मोठा करतात. आई शेजारी सांगते की तू संशोधनाला गेला आहेस.

पण मला सांग, विश्वावर एवढं पान खरडलंस आणि चष्म्यावर दीड ओळ? तीही ‘विशेष काही नाही’ म्हणून? लहानपणी बरणी फोडलीस की हेच म्हणायचास. आपल्या घरात आजोबांनाही शेवटपर्यंत सुईत दोरा ओवता येत होता. तुझे डोळे तपासले कोणी, ते उलट टपाली कळव.

लोभ आहेच, कान मात्र माझ्या हाती समज.

तुझी
ताई


दि. २५ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार. तू बहीण नाहीस, पोलीस आहेस.

ऐक. समोरच्या चष्म्याच्या दुकानात एक मुलगी आहे, ती डोळे तपासते. नाकावर एक लोखंडी सांगाडा बसवते, त्यात भिंग घालते, ते काढून दुसरं घालते आणि विचारते, पहिलं बरं की दुसरं? बस्स. सरांनी वर्षभर घसा फोडून जे सांगितलं, ते ही एका खुर्चीत दाखवते. आपण एकेक उत्तर द्यावं आणि धुक्यातून एकेक अक्षर वर यावं!

अडचण एकच. माझे डोळे ठणठणीत आहेत. खरं बोललो असतो तर दोन उत्तरांत खुर्ची रिकामी करावी लागली असती. म्हणून पहिलं बरं दिसलं की मी दुसरं म्हणायचो आणि दुसरं दिसलं की पहिलं. तपासणी मस्त लांबली. ती इतक्या मनापासून आठी घालून भिंगं बदलत होती, आणि ती आठी... असो. शेवटी जो नंबर निघाला तो या पृथ्वीतलावर कोणाचाच नसावा. पण चष्मा तिनं केलेला, म्हणून मी तो उतरवत नाही. पायऱ्या खोल दिसतात. मामा दोन दिसतात, आणि मला एकच भारी होता. शाळेच्या मोठ्या बाईंच्या कपाटाची किल्ली अशी कापली, की आत गेली ती गेलीच. आमच्या दुकानाच्या दाराला लॅच आहे, ओढलं की आपोआप लागतं. त्याची जोडकिल्ली मी केली. ती आत जाते, पण फिरत नाही.

तू म्हणशील, तिला विचारलंस का? नाही. आणि हा भित्रेपणा नाही, शास्त्र आहे. प्रश्न विचारेपर्यंत उत्तर अस्तित्वातच येत नाही. आज तिच्यापाशी होही आहे आणि नाहीही आहे. विचारून त्यातलं एक ठार कशाला करायचं? दुःख इतकंच, की तिचे मालक दुसऱ्या शहरात नवीन दुकान काढतायत आणि ते तिच्या हाती देणार आहेत. पुढच्या महिन्यात ती जाईल.

लोभाची आज फार गरज आहे.

तुझा
धाकटा


दि. ३ फेब्रुवारी

चि. भाचीस,

मामाचा आशीर्वाद. पत्र लिहायचं कारण तुझा भाऊ.

शाळेच्या मोठ्या बाई गिऱ्हाइकांसमोर मला नाही नाही ते बोलून गेल्या. दोष चष्म्याचा दिसला. मग याला कॉलर धरून समोर नेलं आणि चष्मा मालकांपुढे आपटला. मालकांनी स्वतः याचे डोळे तपासले. त्यांच्यापुढे याला कसली घाई होती कोण जाणे, चटाचट उत्तरं देऊन मोकळा झाला. डोळे निर्दोष निघाले. मालक त्या मुलीला सर्वांदेखत म्हणाले, की जिला धड डोळे तपासता येत नाहीत तिच्या हाती दुकान कसं द्यायचं? नवीन दुकानावर आता दुसरं कोणी जाणार. ती भिंगं पुसून खोक्यात लावत राहिली. मला उगीचच वाईट वाटलं.

हा मात्र घरी आल्यापासून शीळ घालतो आहे, आणि चष्मा अजून नाकावरच. काही समजत असेल तर कळव.

तुझा
मामा


दि. ८ फेब्रुवारी

धाकट्या,

आज आशीर्वाद नाही.

मामाला समजलं नाही, मला समजलं. माहिती हा जगाचा पाया ना? मग त्या मुलीच्या जगाच्या पायात तू खोटी माहिती ओतलीस, आणि वरचा मजला कोसळला तर शीळ घालतोस. कारण ती आता जाणार नाही, तुझ्या समोरच राहणार. वा रे प्रेम!

आणि तुझ्या शास्त्राचं म्हणशील तर, विचारल्याशिवाय उत्तर जन्मत नाही ना? मग तिचा नकार तुला आत्तापासून ऐकू येतो कुठून?

लोभ सध्या कुलपात ठेवला आहे. किल्ली नीट कापून आण.

ताई


दि. १३ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार, या खेपेला उभा राहून.

शीळ बंद आहे. दोनदा निघालो आणि दोनदा रस्त्याच्या मधूनच मागे फिरलो. पहिल्यांदा वाटलं, खरं सांगितलं की ती जाणार. दुसऱ्यांदा वाटलं, आधी थोबाडीत देणार आणि मग जाणार. न सांगावं तर ती इथेच, समोर, रोज. मी दोन्ही भिंगं घालून काढून पाहत बसलो.

काल ती एका आजीबाईंचे डोळे तपासत होती. आजी पहिलं म्हणाल्या. तिनं विचारलं, नक्की ना? आजी हो म्हणाल्या. तिनं पुन्हा भिंग बदलून विचारलं, नक्की ना? आजी वैतागल्या, तरी तिनं तिसऱ्यांदा विचारलं. ताई, पूर्वी ती असं कधी विचारत नसे.

आत्ता तीही दुकानात आहे आणि मालकही. आधी दोघांसमोर कबुली, मग तिला माझा प्रश्न. उलटं केलं तर ती लाच होईल. मामा जेवायला घरी गेला आहे, लॅचची चांगली किल्ली त्याच्या खिशात. माझ्याकडे माझी आहे, ती फिरत नाही. म्हणजे एकदा बाहेर पडलो की पळून परत यायला जागा नाही. मी कापलेली एक तरी किल्ली कामाला आली म्हणायची.

कुलपातला लोभ बाहेर काढून ठेव, संध्याकाळी लागेल. थोबाडीत बसली तर जास्त.

तुझा
धाकटा

ता. क. चष्मा काढून कानशीजवळ ठेवला. समोरच्या काचेतून ती स्वच्छ दिसते आहे, आठीसकट. एवढं पायरीवर उभ्यानं लिहितोय. दार ओढून घेतलं.