खालचा पाइप बदललाय

बाबाजान,
अक्षर मोठं काढलंय, तुम्हाला वाचता यावं म्हणून. माल घेऊन बंदर अब्बासला निघालेय. उठवलं असतं तर तुम्ही हट्टाने गाडीत येऊन बसला असतात, आणि डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय. रागावू नका.

मला रेडिएटरचा वरचा पाइप खराब वाटत होता. तुम्ही म्हणालात, "नुसती बघत काय बसतेस पोरी, दाबून बघ!" दोन्ही दाबून पाहिले, तर खालचाच मऊ पडला होता. नवा घातलाय, क्लिपाही आवळल्यात.

मसूरभात गॅसवर आहे. घाटाच्या पायथ्याशी थांबून फोन करीन, तेव्हा इंजिनाचा आवाज ऐका आणि काहीतरी चूक काढा. बाजूची सीट फार गप्प असते.

तुमची फरांगीस