सहाव्या भागात मुरलेले खेकडे

मोकपो, गुरुवार

ती. मावशीस,

दान-बीचा कंबरेतून वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? संत्री उतरवायला यंदा माणसं मिळाली की पुन्हा स्वतःच शिडीवर चढतेस? (चढत असशील तर आईला कळू देऊ नकोस. तुझ्या वाटची बोलणी मला बसतात.) कुत्रा टपालवाल्याशी आता तरी माणसासारखा वागतो ना? इकडे सगळं क्षेमकुशल. आई शनिवारपासून माझ्याशी बोलत नाही, एवढं सोडलं तर.

मावशी, शेवटचा भाग आला! आला, मी वाचला, आणि मी अजून जिवंत आहे! अगं, चांगला आहे! म्हणजे नुसता चांगला नाही, पोटभर आहे. अकरा वर्षांपूर्वी तू माझ्या हातात ‘ओहोटीचा पहारेकरी’चा पहिला भाग ठेवलास आणि माझा अभ्यास बुडवलास, त्याचं पुण्य तुला आत्ता लागलं. तुझी प्रत बोटीनं बेटावर यायला वेळ लागेल, पण तुला आधी शेवट वाचून मग सुरुवात करायची खोड आहे, तेव्हा मी बेधडक सगळं सांगणार आहे. संत्र्यांच्या गडबडीत विसरली असशील म्हणून आठवण करून देते. दीपगृहवाल्याची मुलगी मि-रू. समुद्राखालच्या राजवाड्याचा पहारेकरी हान. तो फक्त ओहोटीला जमिनीवर येऊ शकतो, आणि दर खेपेला त्याची एक आठवण समुद्र ठेवून घेतो. तरी हा शहाणा तिला भेटायला येतच राहतो! पाचव्या भागाच्या शेवटी तो वाळूत उभा राहून तिला म्हणतो, ‘बाई, आपण कोण?’ आणि पुस्तक संपतं. तेव्हा मी तुला फोन करून रडले होते आणि तू म्हणाली होतीस, लेखिकेच्या घराचा पत्ता काढ.

तर शनिवारी उजाडता उजाडता मी पुस्तकाच्या दुकानापुढे रांगेत. पुढेमागे सगळ्या शाळकरी पोरी. एक चिमुरडी मला विचारते, ‘मावशी, मुलीसाठी घेताय?’ (सत्ताविसाव्या वर्षी! मी म्हटलं, हो, अभ्यास केला तरच देणार आहे.) मग चालत वाचलं, बसमध्ये वाचलं, आणि आईच्या दुकानात कोबीच्या ढिगाआड बसून वाचलं. आता घरोघरी किमचीचं लोणचं घालायचा हंगाम, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि मी एका बाईंना मुळ्याऐवजी नुसती तिखटाची पिशवी दिली. त्या परत आल्या तेव्हा माझं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. आईनं पुस्तक हातातून ओढलं. ‘लग्नाची घोडी झालीस आणि वाचतेस काय, तर माशांची प्रेमप्रकरणं! आज मुलगा बघायचाय, विसरलीस?’

विसरले होते. अगदी स्वच्छ विसरले होते. लाँड्रीवाल्या तोंग-सुन बाईंनी हे स्थळ आणलं होतं. सोक-जू नावाचा मुलगा, जहाजं रंगवणाऱ्या कंपनीत नोकरीला. निर्व्यसनी, एकुलता एक, आणि (तोंग-सुन बाईंचे शब्द) ‘कमी बोलणारा’. हे म्हणजे समुद्राला जरा ओलसर म्हणण्यासारखं निघालं. आईनं मला निळा झगा घालायला लावला, पुस्तक मला दिसू नये म्हणून स्वतःच्या पिशवीत तळाशी कोंबलं, आणि त्यावर मुलाकडच्यांना भेट म्हणून आपल्या लसूण घालून सोया सॉसमध्ये मुरवलेल्या खेकड्यांची बरणी ठेवली. आईचे खेकडे तुला ठाऊक आहेतच. त्यांच्या जोरावर तिनं आजवर घरमालक, नगरसेवक आणि बाबा, तिघांना वठणीवर आणलंय.

बंदरासमोरच्या हॉटेलच्या चहाघरात आम्ही समोरासमोर बसलो. एका बाजूला मी, आई, तोंग-सुन बाई. दुसऱ्या बाजूला सोक-जू आणि त्याची आई सन-ओककाकू, राखाडी कोटातल्या, ताठ बसलेल्या, चेहऱ्यावर रेघ हलेल तर शपथ. मी विचारलं, तुम्हाला काय आवडतं. तो बराच विचार करून म्हणाला, ‘राखाडी रंग. त्यात बरेच प्रकार असतात.’ मग लसणाचा वास यायला लागला. आधी मंद, मग असा की शेजारच्या टेबलावरचा म्हातारा आशेनं इकडेतिकडे बघायला लागला. आईच्या पिशवीखालून काळा ओघळ निघाला आणि हॉटेलच्या गालिच्यावरून निवांत सोक-जूच्या बुटाकडे चालू लागला.

मावशी, मी किंचाळले. शालीन मुलीनं किंचाळावं तसं नाही, कोळीण किंचाळते तसं. पिशवी उपडी केली, बरणी बाजूला लोटली, आणि भिजलेलं पुस्तक छातीशी धरलं. झगा गेला कामातून. आईनं डोळे मिटून घेतले. तोंग-सुन बाई म्हणाल्या, ‘मुलगी तशी शांत आहे हो.’ आणि तेवढ्यात सन-ओककाकू उठून उभ्या राहिल्या, त्यांचा कप कलंडला, आणि त्या म्हणाल्या, ‘सहावा भाग?’

मी मान हलवली. ‘वाचलास?’ म्हटलं, शेवटचं प्रकरण राहिलंय. त्या टेबलाला वळसा घालून आल्या, तोंग-सुन बाईंना कोपरानं सरकवलं आणि माझ्याशेजारी बसल्या. ‘माझी प्रत घरी पडून आहे. उघडायचा धीर होत नाही. एकच सांग, त्याला ती आठवते का?’ मला वाटलं, ही आपल्यासारखीच एक वेडी. मग त्या हळूच म्हणाल्या, ‘माझे मालक वृद्धाश्रमात असतात. दोन वर्षं झाली. दर आठवड्याला जाते आणि ते विचारतात, बाई, आपण कोण?’ सोक-जू टेबलाकडे बघत होता. आई डोळे उघडून बघत होती. ‘जादूनं सगळं परत आणलं असेल तर मी ते पुस्तक समुद्रात फेकणार,’ काकू म्हणाल्या. ‘आणि मारून टाकलं असेल तर लेखिकेला.’

पण शेवटची पानं सोयानं एकमेकांना चिकटून वडी झाली होती. मी नखानं सोडवायला गेले तर हानचं अर्धं वाक्य माझ्या नखाला आलं. आम्ही दोघी रडायच्या बेतात असताना तो कमी बोलणारा उठून निघून गेला. मला वाटलं, पळाला, आणि त्याला दोष देता येत नव्हता. तर हा स्वागतकक्षातून केस वाळवायचं यंत्र घेऊन परत! भिंतीशी गुडघ्यावर बसला, एकेक पान फुंकर घालावी तसं वाळवून सोडवलं, आणि पुढे करत राहिला. मी मोठ्यानं वाचत गेले. शेजारचा म्हातारा खुर्ची ओढून जवळ आला. आई म्हणाली, ‘जरा मोठ्यानं वाच.’

आता ऐक. मि-रू समुद्राच्या राजापुढे जाते. तो म्हणतो, हानच्या आठवणी परत देतो, बदल्यात तुझा आवाज दे. (इथं काकूंनी माझा दंड असा आवळला की निळा पडलाय.) आणि मि-रू म्हणते, नको! म्हणते, ठेव तुझ्याकडे, नीट सांभाळ, मी नव्या आठवणी करीन. परत येते, ओहोटीची वाट बघते. तो वाळूवर येतो, विचारतो, बाई, आपण कोण. आणि ही केस मागे सारून म्हणते, ‘मी मि-रू. त्या दीपगृहात राहते. जेवलात का?’ आणि तो म्हणतो, ‘नाही.’ बस्स. दोघं वर चालायला लागतात. संपलं! सहा भाग, अकरा वर्षं, आणि शेवटी ‘नाही’! मी इतका सुंदर ‘नाही’ जन्मात ऐकला नाही. आईनं नाक शिंकरलं आणि म्हणाली, ‘लसूण जास्त झालाय.’ काकू म्हणाल्या, ‘म्हणजे आपणच ओळख करून द्यायची. एवढंच ना?’ कोट चढवला आणि लग्नाचं एक अक्षर न बोलता निघून गेल्या.

सोमवारी त्यांचा फोन आला. त्या हॉटेलातून तडक आश्रमात गेल्या होत्या. मालक अंगणातल्या बाकावर होते. नेहमी त्या म्हणायच्या, ‘अहो, मी तुमची बायको’, आणि ते घाबरायचे. यावेळी वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, ‘मी सन-ओक. इथं बसू का?’ त्यांनी जरा बघितलं, सरकून जागा केली आणि म्हणाले, ‘बसा. ऊन या बाजूला चांगलं येतं.’ मावशी, मग आम्ही दोघी फोनवर नुसत्या हुंदके देत होतो. मी दुकानात होते, आणि एका बाईंना मुळ्याऐवजी काय दिलं ते मला अजून माहीत नाही.

स्थळाचं म्हणशील तर ते मोडलं. मी शनिवारी संध्याकाळीच तोंग-सुन बाईंना सांगितलं की माणूस चांगला आहे, पण माझ्या कामाचा नाही. राखाडीवर किती बोलणार! आईचं म्हणणं, मी घरच्या अब्रूचं आणि खेकड्यांचं, दोन्हींचं वाटोळं केलं. तिचा राग उतरायला किमचीचा हंगाम संपावा लागेल. तू मात्र माझ्या बाजूनं राहा. मला लग्नाची घाई मुळीच नाही.

तुझी लाडकी भाची,
दान-बी

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. पुढच्या आठवड्यात मी आणि सन-ओककाकू तुझी संत्री उतरवायला येऊ का? त्यांना तुझ्याशी सहाव्या भागावर बोलायचंय. दोन खोल्या पुरतील.

ता. क. २ तीन खोल्या. काकूंना बोट लागते, तेव्हा सामान उचलायला सोक-जूही येतोय. फक्त सामान उचलायला. त्यानं रविवारी माझ्याकडून पहिला भाग नेला होता, आता तिसऱ्यावर आहे, आणि त्याचं म्हणणं आहे की मि-रूनं हानला सोडून त्या सेनापती बेकशी लग्न करावं! हे असं अज्ञान मोकळं सोडता येत नाही. रोज संध्याकाळी फोनवर समजावते, पण समोरासमोर बसल्याशिवाय व्हायचं नाही.

ता. क. ३ आईला हे बोलू नकोस. मी एकटी येतेय असं सांग. नको, एकटी म्हटलं तर ती बरोबर येईल. काकू येताहेत म्हण. नको, मग ती विचारेल आणखी कोण, आणि तुला खोटं बोलता येत नाही, आणि ती परवाच लग्नाचा हॉल ठरवून मोकळी होईल. तू फोनच उचलू नकोस.

ता. क. ४ तुझा तो हिरवा कोट मला अजून होईल का गं? तिकडे वारा फार असतो, म्हणून विचारते.