वजन वाढलं कसं

माय, आज रिक्षानं पडेगावच्या शेती-संशोधनाच्या फार्मवरून गेले. तारेचं कुंपण कधीच गेलंय, आपल्या टाक्यांवर गाजरगवत माजलंय. रिक्षावाल्याला म्हटलं, जरा थांबव, अन् लगेच म्हटलं, नको, चल. तिथं उतरून करणार काय होते? तुला जाऊन नऊ वर्षं झाली अन् माझा राग अजून जात नाय.

त्या टाक्यांचं काम तुला कधी नीट समजलं नाय, कारण मीही कधी बसून सांगितलं नाय. जमिनीत पुरलेली लोखंडी टाकी, तिच्यात शेतातलीच माती, मातीत कपाशी, बुडाशी वजनकाटा. रोज सकाळी वजन घ्यायचं. कालच्यापेक्षा जेवढं घटलं, तेवढं पाणी मातीतून अन् पानांतून हवेत गेलं. बाजूला पाण्याचं पसरट पात्र, पाखरांनी पिऊ नये म्हणून वर जाळी. त्यातलं पाणी किती उतरलं तेही मोजायचं, म्हणजे ऊन किती ओढून घेतंय ते कळायचं. एका टाकीचं पाणी प्रयोग करणाऱ्या सरांनी मुद्दाम तोडलं होतं. तहानलेलं झाड किती कमी पाण्यात तग धरतं, हेच त्यांना बघायचं होतं. तू तिथं खुरपायला होतीस. तूच सरांच्या हातापाया पडून मला वजनं लिहायचं काम मिळवून दिलंस. "माझी लेक सायन्सची हाय, साहेब." किती मिरवायचीस!

मग त्या तहानलेल्या टाकीचं वजन वाढायला लागलं. पाऊस नाय, पाणी दिलेलं नाय, अन् सकाळी वजन कालच्याहून जास्त. मी दिसलं ते लिहिलं. सरांनी काटा तपासला, काटा बरोबर. मग तीन दिवस ते स्वतः तिथं खुर्ची टाकून बसले, तर वजन शहाण्यासारखं घटत गेलं. चौथ्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांनी वही माझ्यापुढं आपटली. "घरी बसून आकडे लिहितेस काय गं?" मी म्हटलं, "सर, खोटंच लिहायचं असतं तर बरोबर नसतं का लिहिलं?" ते उलट बोलणं झालं. त्यांचा हंगाम वाया गेला अन् मी खोटारडी ठरले. तू चार हातांवर खुरपं घेऊन बसली होतीस. मान वर केली नाहीस.

त्यानंतर मोजायचं काम मला कुणी दिलं नाय. औरंगपुऱ्यात दुकानात वह्या-पेनं विकतेय, तेव्हापासून आजपर्यंत.

तुझ्या किडन्या गेल्या तेव्हा दवाखान्यात नर्सबाईंनी तक्ता माझ्याच हातात दिला. आत किती गेलं, बाहेर किती आलं. दिवसाला अर्धा लिटर, वर थेंब नाय. एप्रिलचं ऊन, पंखा गरम हवा फेकतोय, तू घामानं निथळतेयस, अन् घामाला त्या कागदावर रकानाच नाय. मी बाटलीच्या टोपणानं पाणी देतेय. एका दुपारी तू म्हणालीस, "त्या टाकीत मीच पाणी घालायची गं. माझ्या प्यायच्यातलं. सुकत चाललं होतं बिचारं, बघवंना."

"अन् मला काढलं तेव्हा?"

"तेव्हा लई भ्याले. माझंबी काम गेलं असतं तर खाल्लं काय असतं आपण?"

मी तक्त्यात टोपणाचा आकडा लिहिला. खरं तर तुला गदागदा हलवून विचारायचं होतं, झाडाची कीव आली, पोटच्या पोरीची नाय आली?

दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "आता मोजू नका, ताई. मागतील तेवढं पाणी द्या." मी मान हलवली. आत येऊन तुझ्या उशाशी बसले. तू पाणी मागितलंस अन् मी टोपण भरलं. एकच. दिवसभर तू मागत राहिलीस, मी एकेक टोपण देत राहिले, तक्त्यात लिहीत राहिले. चार वाजता तू गेलीस. राग होता का, की मोजणं थांबवलं तर तू जाशील ही भीती होती, देवाशपथ मला अजून ठरवता येत नाय.

लोकांना सांगते, डॉक्टरांनी सांगितलं तसंच केलं. म्हणतात, लेक असावी तर अशी. हे लिहिलेलं कुणाच्या हाती लागायच्या आत फाडून टाकीन. त्या दिवशी बाटली भरलेली होती, माय.